खोकला, कफ, दमा आणि घरचा झाडपाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडपाल्याने खोकला खरंच बरा होतो का?

सर्दीपडशाचा साधा खोकला बहुधा विषाणूंमुळे येतो. काढा घ्या वा नका घेऊ, दोन-तीन आठवड्यांत तो आपला आपण जातो. तेवढ्या दिवसांत घसा मऊ ठेवणे, चिकट कफ पातळ करणे आणि रात्रीची ढास कमी करणे ही कामे घरची औषधे बऱ्यापैकी करतात. आवळलेली श्वासनळी उघडणे आणि न्यूमोनियाचे जंतू मारणे ही कामे त्यांच्याकडून होत नाहीत.

घोटाळा होतो तो इथेच. दम्यात श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि आतले अस्तर सुजते. रुग्णाला मात्र वाटते, छातीत कफ अडकलाय. मग घरचे कफ सुटायचा काढा देत बसतात आणि धाप वाढत जाते. श्वास सोडताना शिटीसारखा आवाज, पहाटे वाढणारा त्रास, खोकून खोकून जेमतेम चिमूटभर पांढरा चिकट कफ, अशी लक्षणे असतील तर अडचण बहुधा कफाची नाही, नळीची आहे. पुढची बरीच उत्तरे या एका फरकावर उभी आहेत.

अडुळसा ओळखायचा कसा आणि रस कसा काढायचा?

माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे मोठे झुडूप. पाने समोरासमोर, लांबट, टोकदार, वीतभर वाढणारी. फुले पांढरी, आत जांभळट रेघा, आणि पान चुरडले की उग्र वास. गुरे याला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावर कुंपणाला लावतात. याचे जुने शास्त्रीय नाव ‘आधातोडा’ हेही तमिळ नावावरून आले आहे, आणि त्या नावाचा अर्थ ‘शेळी ज्याला शिवत नाही ते’ असा.

रसाबाबत नेहमीची तक्रार म्हणजे पाने मिक्सरमध्ये वाटली तरी चोथाच हाती येतो. अडुळशाच्या पानात रस कमी आणि चिवटपणा जास्त. आयुर्वेदाच्या ग्रंथात यासाठी पुटपाकाची, म्हणजे वाटलेला पाला पानांत गुंडाळून, वर माती लिंपून भाजण्याची आणि मग पिळण्याची रीत सांगितली आहे. घरी तिचे सोपे रूप असे: पिकत आलेली, निरोगी १०-१२ पाने धुऊन, देठ काढून, मोदकपात्रात किंवा चाळणीवर ८-१० मिनिटे वाफवा. पाने मऊ पडून काळपट झाली की खलबत्त्यात ठेचून जाड सुती फडक्यातून पिळा. मोठ्या माणसाची मात्रा ताज्या रसाची १० ते २० मिली. चव अतिशय कडू असते, त्यामुळे सोबत चमचाभर मध घेतात. रस त्या दिवशीच संपवा, दुसऱ्या दिवशी तो आंबतो.

पानांतल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन घडवले. ते १९६०च्या दशकात बाजारात आले. कफ सिरपच्या बाटलीवर दिसणारे ॲम्ब्रॉक्सॉल हे ब्रोमहेक्सिनचेच शरीरात होणारे रूपांतर. तेव्हा कफ सुटायला अडुळसा देणे ही नुसती समजूत नाही. पण या व्हॅसिसिनने गर्भाशयही आकुंचन पावते. गरोदरपणात अडुळसा घेऊ नये, रस नाही, काढा नाही आणि ज्यात अडुळसा आहे ते सिरपही नाही. बाटलीवर तो ‘वासा’ किंवा ‘वासक’ या नावाने छापलेला असतो, हे लक्षात ठेवा.

काढा किती पाण्यात, किती उकळायचा?

नियम असा: औषधाची भरड करायची, पीठ नाही. पीठ केले तर काढा गढूळ होतो, गाळला जात नाही आणि खाली करपतो. मऊ पाल्याला चौपट, मध्यम कठीण काष्ठांना आठपट, कठीण साल-मुळांना सोळापट पाणी घालून एक चतुर्थांश उरवायचे. मात्र हे प्रमाण मोठ्या भांड्यासाठी चालते. घरी १० ग्रॅम पाल्याला ४० मिली पाणी घातले तर ते उकळायच्या आत भांड्याला लागते. म्हणून एका माणसापुरता काढा करताना १० ग्रॅमला १६० मिली पाणी घ्या आणि ४० मिली उरवा. स्टीलचे पातेले, मंद आच.

झाकण ठेवायचे की नाही, यावर घरोघरी वाद असतात. ज्येष्ठमध, भुईरिंगणी, बेहडा असल्या मूळ-फळांना उघड्यावर उकळले तरी चालते. तुळस, गवती चहा, पानओवा, वेलची यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो. ती शेवटी घालून गॅस बंद करा आणि पाच-सात मिनिटे झाकून ठेवा. स्वयंपाकघरभर सुवास दरवळला, म्हणजे पेल्यात तेवढा कमी उरला!

मध कोमट झाल्यावरच मिसळा.

कोविडच्या काळातला तो काढा अजून रोज घ्यावा का?

आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेले प्रमाण तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १ असे होते, आणि मात्रा होती ३ ग्रॅम भरड १५० मिली उकळत्या पाण्यात, दिवसातून एकदा-दोनदा. लोकांनी काय केले? मूठभर मिरी, लवंगा, वर ओवा, आणि दिवसातून पाच वेळा. त्यातून पित्त उसळणे, तोंड येणे, मूळव्याधीतून रक्त जाणे असे त्रास झाले. सर्दी झालेली असताना चार-पाच दिवस घ्यायला हरकत नाही. बारमाही घेण्याचे कारण नाही, उन्हाळ्यात तर नाहीच.

सितोपलादि चूर्ण घरी करता येते का?

येते, आणि प्रमाण लक्षात ठेवायलाही सोपे आहे, कारण प्रत्येक घटक आधीच्याच्या निम्मा. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. पाच ग्रॅमचा एक भाग धरला तर अनुक्रमे ८०, ४०, २०, १० आणि ५ ग्रॅम, म्हणजे एकूण १५५ ग्रॅम. वेलची सोलून फक्त दाणे घ्या, वजन दाण्यांचे करा. पिंपळी मंद आचेवर किंचित गरम करून घेतली की कुटायला सोपी जाते. प्रत्येक वस्तू वेगळी कुटून वस्त्रगाळ करा आणि मगच मिसळा. एकत्र कुटले तर साखर आधी बारीक होते आणि पिंपळीचे तुकडे मागे राहतात.

खरी अडचण वंशलोचनाची आहे. ते बांबूच्या पेरांत साठणारे सिलिकायुक्त खडे. बाजारात त्या नावाने कृत्रिम सिलिका किंवा चक्क तवकीर विकला जातो. तवकीर असेल तर ओळखणे सोपे आहे: चिमूटभर पूड पाण्यात कालवून टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका, पिष्टामुळे ती निळी-काळी पडेल. खऱ्या वंशलोचनाला असा रंग येत नाही. कृत्रिम सिलिका मात्र या परीक्षेत सापडत नाही.

मात्रा मोठ्यांना १ ते ३ ग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा, मधातून किंवा मध-तुपातून. वैद्य मध-तूप समप्रमाणात देत नाहीत, तुम्हीही घेऊ नका. चूर्ण कोरडेच तोंडात टाकू नका. उबळ आली की ते श्वासनळीत जाते आणि खोकल्यावरच्या औषधाने खोकला वाढतो. निम्म्याहून अधिक साखर आहे, तेव्हा मधुमेहींनी मधासकट हिशेब करावा.

तालीसादि चूर्ण त्याच पद्धतीने केले तर?

ते विकतच घ्या. तालीसपत्र म्हणून हिमालयातल्या एका फर वृक्षाची सुईसारखी पाने घालायची असतात, पण बाजारात त्याच नावाने थुनेर या वृक्षाची पानेही येतात आणि थुनेर विषारी आहे. वाळलेल्या चुऱ्यातून फरक ओळखणे जाणकारालाही जड जाते.

ज्येष्ठमधाची काडी रोज चघळली तर?

गायक, शिक्षक, कीर्तनकार यांच्या खिशात ती असतेच. घसा बसला असता दोन-चार दिवस चघळायला उत्तम. चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम. प्रश्न येतो तो महिनोन्महिने घेण्याचा. त्यातले ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम घटते. पाय सुजणे, रक्तदाब चढणे, पायात गोळे येणे, छातीत धडधड ही त्याची लक्षणे. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ते टाळावे. रक्तदाबाची गोळी चालू असूनही दाब उतरत नसेल तर डॉक्टरांना ‘मी ज्येष्ठमध घेतो’ हे सांगा. ते आपणहून विचारतीलच असे नाही.

विड्यात गुंजेचा पाला घालतात तोही आवाजासाठीच, तोही गोड. पाला वेगळा आणि गुंजेचे बी वेगळे. बी अत्यंत विषारी असते. मुळांच्या तुकड्यांतही ज्येष्ठमधात गुंजेच्या मुळाची भेसळ होते, म्हणून तंतुमय, आतून पिवळसर, चघळताच गोड लागणारी काडी ओळखीच्या काष्ठौषधींच्या दुकानातूनच घ्या.

मुलांना मध किती द्यायचा?

एक वर्षाखालच्या बाळाला थेंबभरही नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पडतात. जन्मल्या बाळाला मध चाटवणे, गुटी मधात उगाळणे, दोन्ही बंद करा. मध उकळला तरी बीजाणू मरत नाहीत.

वर्षानंतर मात्र रात्रीच्या खोकल्यावर मधाइतके साधे आणि अभ्यासांत टिकलेले दुसरे घरगुती औषध नाही. झोपण्याआधी पाच वर्षांपर्यंत अर्धा चहाचा चमचा, सहा ते अकरा वर्षांना एक, त्यापुढे दोन. आल्याचा रस घालायचा तर चार-पाच थेंब, जास्त घातला तर मूल ओकेल आणि पुन्हा चमच्याला तोंड लावणार नाही. लवंग किंवा बेहड्याची साल तोंडात धरायला लहान मुलांना देऊ नका, ती श्वासनळीत अडकते.

हळदीच्या दुधाचा उपयोग होतो का?

गरम पेयाने घशाला आराम पडतो, तो खरा. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषले जाते, चिमूटभर मिऱ्याने ते वाढते. कपाला पाव चमचा हळद पुरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वयंपाकातली हळद चालेल, पण चमचा-चमचा हळद आणि कर्क्युमिनच्या कॅप्सूल नकोत.

वाफेत काय घालावे?

काहीही न घालता चालते. चोंदलेले नाक मोकळे होते, ते उष्ण दमटपणामुळे. निलगिरी, ओवा, पुदिना यांनी नाक मोकळे झाल्याची भावना वाढते, पण दमेकऱ्यांना त्याच उग्र वासाने उबळ येऊ शकते. पाणी उकळून गॅसवरून उतरवा, दोन मिनिटे थांबा, पातेले टेबलावर स्थिर ठेवा, मांडीवर किंवा पलंगावर कधीच नाही. चेहरा हातभर अंतरावर, पाच ते आठ मिनिटे, दिवसातून दोनदा. वाफ फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचत नाही आणि न्यूमोनियावर तिचा उपयोग नाही.

लहान मुलांना वाफ देताना भाजण्याचे प्रकार फार होतात. एका चादरीखाली आई, मूल आणि उकळते पाणी ही रचनाच धोक्याची आहे. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे तयार थेंब वापरा.

आणि नेब्युलायझरच्या (औषधाची वाफेसारखी फवार करणाऱ्या यंत्राच्या) कपात काढा, अर्क, तेल यांतले काही घालू नका. फुप्फुसात सरळ जाणारी वस्तू निर्जंतुक आणि त्यासाठीच बनवलेली असावी लागते.

कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो का?

नाही. कापराने नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतना मिळते, म्हणून श्वास मोकळा वाटतो. ऑक्सिमीटरवरचा आकडा तेवढाच राहतो. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात, अगदी थोड्या कापरानेही. निलगिरी तेलाचेही तसेच. दोन्ही देवघरात आणि औषधाच्या फळीवर मुलांच्या हाती लागतील अशी असतात, ती जागा बदला. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला, नाकाला कापूरयुक्त मलम चोळू नका.

तान्ह्या बाळाला धुरी, नाकात तेल, वेखंड?

बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग, ऊद टाकून धुरी देण्याची पद्धत जुनी आहे. वनस्पती कोणतीही असो, धूर तो धूरच. त्यातले सूक्ष्म कण बाळाच्या इवल्या श्वासनळीत उतरतात, आणि बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइडही साठतो. शेक द्यायचा तर तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून, मग बाळाच्या पायांना आणि पाठीला द्या.

नाकात तेल-तूप घातल्यास ते घरंगळून फुप्फुसात उतरते आणि तिथे विरघळत नाही. त्याने होणारा न्यूमोनिया आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. वेखंड चाटवल्याने ओकारी येते, तिलाच ‘कफ पडला’ म्हणतात. तो कफ पोटातून आलेला असतो. काही वेखंडात असणाऱ्या बीटा-ॲसारोनमुळे प्राण्यांत कर्करोग झाल्याचे आढळले आहे.

बाळ आजारी असेल तर श्वास मोजा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट, पोट वर-खाली होताना बघून. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, हा वेगवान श्वास. पोट उडत असेल, म्हणजे श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर घरात काहीही न देता लगेच दवाखाना गाठा.

पंपाची (इनहेलरची) सवय लागते, म्हणून झाडपाल्यावर दमा ठेवावा असे म्हणतात, ते?

पंपाची सवय लागत नाही. दमा जुनाट आजार आहे, म्हणून औषध लांब चालते. पंपातून जाणारी स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट नळीत पोचते.

गंमत अशी की पंपातली काही औषधे झाडांच्याच घराण्यातली आहेत. इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही धोत्र्याच्या कुळातल्या ॲट्रोपिनवरून बनली. पूर्वी दमेकरी धोत्र्याची वाळकी पाने चिलमीत ओढत, तेव्हा श्वास खरंच मोकळा व्हायचा. पण एका पानात किती ॲट्रोपिन हे कोणालाच कळत नसे, आणि जास्त झाले की तोंड कोरडे, बुबुळे मोठी, भ्रम, लघवी अडणे, कधी मृत्यू. आजही कनकासव या दम्यावरच्या आयुर्वेदिक औषधात धोत्रा असतो (कनक म्हणजे धोत्रा). दुकानात ते सहज मिळते, पण वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचे औषध आहे. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर नाहीच. शिवाय आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आलेला अल्कोहोल असतो.

कोजागिरीला चांदण्यातल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याचे कार्यक्रम ठिकठिकाणी होतात. श्रद्धा असेल तर खीर खा. सोबत पंप न्या आणि ‘आता पंप बंद करा’ असे कुणी सांगितले तर ते ऐकू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थंडी उतरते, धुरके आणि फटाक्यांचा धूर येतो. पंप बंद करायला वर्षातला तो सर्वांत वाईट काळ.

पुडीतल्या चूर्णाने दोन दिवसांत दमा थांबला, इतके चांगले औषध सोडावे का?

झाडपाला दोन दिवसांत दमा थांबवत नाही. पुडीवर घटक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख नसेल तर त्यात स्टिरॉइडची गोळी कुटून घातल्याचा संशय घ्या. भूक एकदम वाढणे, चेहरा गोल होणे, वजन, साखर, रक्तदाब वाढणे, त्वचेवर सहज जांभळे डाग पडणे या खुणा. पण पुडी एकाएकी बंद करू नका. महिनोन्महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाले की शरीरात स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी काम थांबवतात आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळतो. पुडी घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, ते मात्रा पायरीपायरीने उतरवतील.

सिगारेटने काळे झालेले फुप्फुस साफ करणारा काढा आहे का?

नाही. श्वासमार्गाची झाडलोट तिथल्या केसासारख्या लवांकडे असते. धुराने त्या लुळ्या पडतात आणि सिगारेट सुटली की हळूहळू पुन्हा हलू लागतात. म्हणून सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढतो. नेमक्या त्याच वेळी कुणी ‘डिटॉक्स’ घेत असेल तर श्रेय बाटलीला जाते. चुलीच्या धुराचे परिणामही असेच. आयुष्यात विडीला न शिवलेल्या बायकांना सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो, त्यात चुलीचा मोठा वाटा आहे. तिथे काढ्यापेक्षा धुराड्याचा किंवा गॅसचा उपयोग जास्त.

क्षयरोगाच्या गोळ्यांबरोबर गुळवेल, अडुळसा चालेल का?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काही असेल तर आधी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जुन्या ग्रंथांत थुंकीतल्या रक्तावर अडुळसा सांगितला आहे आणि त्याच भरवशावर लोक दोन-दोन महिने घालवतात, तोवर घरातल्या मुलांनाही लागण होते. साध्या क्षयाच्या गोळ्या सहा महिने चालतात आणि यकृतावर ताण टाकतात. गुळवेलीबाबत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यात वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद काही असो, क्षयाच्या गोळ्यांबरोबर गुळवेल घेऊ नका. उपचार चालू असताना पोषणासाठी नि-क्षय योजनेतून महिना १००० रुपये मिळतात, ते सकस आहारावर खर्च करा.

पिंपळी-मिऱ्याचे इतर गोळ्यांशी जमते का?

स्वयंपाकातल्या प्रमाणात जमते. औषधी मात्रेत त्यांतले पाइपरिन काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवते: फिट्सवरचे फेनिटॉइन, दम्यावरचे थिओफायलिन, रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल. थिओफायलिन थोडे जरी वाढले तरी मळमळ आणि धडधड सुरू होते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सुंठ, हळद, पिंपळीची चूर्णे दोन आठवडे आधी थांबवा आणि भूलतज्ज्ञांना सांगा.

मोठ्या माणसाला दवाखान्यात केव्हा न्यावे?

एका श्वासात वाक्य पुरे होत नसेल, आडवे पडवत नसेल, पंपाचे फवारे घेऊनही धाप बसत नसेल, ऑक्सिमीटर ९४च्या खाली दाखवत असेल, खोकल्यातून रक्त येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा. रुग्णाला बसते ठेवा. पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्या. धापेत काढा पाजू नका, ठसका लागतो.

चूर्ण किती दिवस टिकते?

घरचे वस्त्रगाळ चूर्ण दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेच करा. काचेची कोरडी बरणी, कोरडा चमचा, ओट्यापासून दूरची फळी. कोकणात पावसाळ्यात साखरेच्या चूर्णाला चार दिवसांत गाठी होतात. गाठ नुसती फुटली आणि वास तसाच असेल तर वापरा, बुरशीचा कुबट वास आला तर सगळी बरणी टाका, वरचा थर काढून उरलेले ठेवू नका. पिंपळी, सुंठ अख्खी ठेवून लागेल तशी कुटली तर ती वर्षभर चांगली राहते. सुंठीला मात्र भोके पडलेली दिसली की ती चहातही घालू नका.